रोज एकशे वीस मिनिटं

(शाळा सुटून अर्धा तास झालाय. खेळाच्या सामानाची खोली. खेळाच्या बाई शिट्टीच्या दोरीची गाठ सोडवत बसल्या आहेत. सहावीतल्या एका मुलीचे वडील दारातच उभे.)

वडील: आणि वर मलाच विचारताय, बसता का! मी बसायला नाही आलो, बाई. काल माझी मुलगी घरी आली ती लालबुंद होऊन. केस चिकटलेले, बुटांत माती. सोफ्यावर पडली ती झोपलीच. संध्याकाळी सव्वासहाला! तिच्या आईला वाटलं ताप भरला. उठवून विचारलं तर म्हणते, बाईंनी मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. तीन!

बाई: अडीच. तिसऱ्या फेरीत ती अर्ध्यातून चालली. गाडी कुठे लावलीत?

वडील: गाडीचा इथे काय संबंध?

बाई: खिडकीतून बघा, म्हणजे कळेल. फक्कीची पांढरी रेघ दुसऱ्या वळणाला जिथे वळते ना, बरोबर तिच्यावर. पोरं गाडीला वळसा घालून धावतायत. तुमचीसुद्धा.

वडील: रस्त्यावर जागा नव्हती. सगळेच पालक आत लावतात.

बाई: लावतातच. शाळेचं मैदान गाड्यांसाठी असतं हे मलाच जरा उशिरा कळलं. राहता कुठे?

वडील: हे काय, पलीकडे. पेट्रोल पंपामागच्या इमारतीत.

बाई: म्हणजे चालत आठ मिनिटं. आणि गाडीनं?

वडील: ते सिग्नलवर अवलंबून आहे.

बाई: वीस मिनिटं. सकाळी मी तुमच्या मागून चालत निघते आणि तुमच्या आधी पोचते. तुमच्या मागच्या काचेवरची पाटी पाठ झालीय मला. 'लिफ्ट बसवून व दुरुस्त करून मिळेल.'

वडील: हे बघा, धंद्यावर जायचं काम नाही. लिफ्ट ही गरज आहे. म्हातारी माणसं असतात, आजारी असतात...

बाई: त्यांना न्या की वर, कोण नको म्हणतंय? तुमचं घर कितव्या मजल्यावर?

वडील: दुसऱ्या.

बाई: वा! मग काय, लिफ्ट हवीच. दमून जाल नाहीतर.

वडील: बाई, मी तक्रार घेऊन आलोय. उद्याच्या त्या स्पर्धेतून माझ्या मुलीचं नाव काढा. चार फेऱ्या म्हणे! तिला धावायची सवय नाही. तिला पाठवायचंच कशाला?

बाई: सवय नाही? असं कसं म्हणता? थांबा हं. कुठे गेला तो गठ्ठा... हा. 'मुलांच्या शारीरिक हालचालीची नोंद.' ओळखलात कागद?

वडील: असे शंभर कागद पाठवते शाळा.

बाई: त्यातला हा तुम्ही भरून दिलात. वाचते. 'आपला पाल्य रोज किती मिनिटं दम लागेल अशी हालचाल करतो?' उत्तर, एकशे वीस. 'कोणत्या प्रकारची?' धावणे, पोहणे, सायकल. खाली सही. ही सही कुणाची?

वडील: ...माझी.

बाई: शाळेतल्या साडेतीनशे पोरांमधून मुख्याध्यापिका मॅडमच्या कॉम्प्युटरनं सहा नावं काढली. ज्यांची मिनिटं सगळ्यांत जास्त, ती सहा. ती उद्या शाळेकडून धावणार. तुमची दुसरी आली. अभिनंदन!

वडील: अहो, पण असं कुणी नावं काढतं का? कागदावरून?

बाई: मग कशावरून काढणार? पोरं पळताना कुणाला दिसतात? पहिला नंबर ज्याचा, त्याच्या वडिलांनी दोनशे चाळीस लिहिलंय. रोज चार तास! तो पोरगा पहिल्या दिवशी मला विचारत होता, बाई, धावताना तोंड उघडं ठेवायचं की बंद?

वडील: म्हणजे कसंय बाई, त्या कागदाच्या तळाशी तुम्हीच छापलं होतं. साठ मिनिटांच्या खाली असेल तर पालकांनी पाल्याला घेऊन चार रविवार सकाळी सात वाजता मैदानावर यायचं. रविवार एकच तर मिळतो माणसाला.

बाई: झोपायला.

वडील: हो, झोपायला! आठवडाभर मी लोकांच्या इमारतींच्या बोडक्यावर चढून लिफ्टच्या मोटारी बघत असतो.

बाई: लिफ्टनं चढून.

वडील: तुम्ही बोलूच देत नाही.

बाई: बोला की. साठच्या खाली नको होतं, तर साठ लिहायचं. एकशे वीस कशाला?

वडील: साठला साठच लिहिलं तर संशय येतो. म्हणून जरा... भरघोस.

बाई: खोटं बोल पण रेटून बोल! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चार रविवारांचा आळस केलात आणि पोरीला सगळ्या गावासमोर पळायला उभं केलंत.

वडील: म्हणूनच सांगतोय ना, नाव काढा. आणि दोन आठवडे तुम्ही तिला पळवताय, घरी एक चिठ्ठी नाही पाठवलीत? ती आम्हाला सांगत होती, जादा गणिताचा तास असतो.

बाई: काय सांगत होती?

वडील: जादा गणित. साडेपाचपर्यंत.

बाई: आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत?

वडील: गणित आहे म्हटल्यावर काय विचारायचं?

बाई: खरंय. गणितासाठी पोर रात्रीपर्यंत कोंडून ठेवलं तरी आईबाप डबा आणून देतील. अर्धा तास पळालं की लगेच तक्रार. बाकी पोरगी खोटं बोलली ती कुणावर गेलीय, ते मी सांगायला नको.

वडील: बाई, आता पुरे. तुम्ही वयानं मोठ्या आहात म्हणून ऐकून घेतोय. हे घ्या. मी रिकाम्या हातानं आलेलो नाही.

बाई: हे काय?

वडील: डॉक्टरांचा दाखला. आता तर नाव काढावंच लागेल तुम्हाला.

बाई: 'हृदय नाजूक असल्याने सर्व प्रकारचे श्रम, धावणे व खेळ टाळावेत. दहावीपर्यंत.' अरे बापरे! कधी तपासलं?

वडील: ...आज दुपारी.

बाई: आज दुपारी ती माझ्या डोळ्यांसमोर तिसऱ्या बाकावर बसून पेन्सिलीला टोक करत होती. डॉक्टर आले होते का शाळेत? मला नाही दिसले.

वडील: ओळखीचे आहेत. त्यांच्या दवाखान्याची लिफ्ट माझ्याकडे असते.

बाई: लिफ्टमध्येच लिहिलं म्हणा की, वर जाता जाता!

वडील: चेष्टा करू नका. वाईट काही नाही त्यात. एक कागद आहे. उद्यापुरती सुटका.

बाई: उद्यापुरती? नीट वाचलंत का? दहावीपर्यंत लिहिलंय. ते हिरवं कपाट उघडा. उघडा, चावत नाही. वरच्या कप्प्यात चेंडू आहेत, त्यांतल्या नऊ चेंडूंत हवा नाही. खालच्या कप्प्यात काय आहे?

वडील: कागद.

बाई: दाखले. एकेचाळीस. कुणाला चक्कर येते, कुणाचा गुडघा, कुणाचा घोळणा फुटतो. दोनतीन पोरं खरोखर आजारी आहेत, त्यांना मी जपते. बाकीची तुमच्या डॉक्टरांसारख्यांच्या कृपेनं. एकदा दाखला आला की ते पोर भिंतीला टेकून बसतं. पहिल्या वर्षी खुशीत असतं. दुसऱ्या वर्षी जरा बघत बसतं. पुढे मी नुसती हाक मारली, जरा ये गं, दोरी धर, तरी म्हणतं, बाई, मला नाही जमत. वीस वर्षांत त्या कप्प्यातून एकही कागद कुणी परत न्यायला आलेलं नाही.

वडील: तिला हसतील हो सगळे.

बाई: काय म्हणालात?

वडील: हसतील. चार फेऱ्या. बाकीच्या शाळांची पोरं तयारीची असणार. सगळी पोचतील आणि ही एकटी मैदानात राहील, मागे, धापा टाकत. सगळे बघत असतील. मला नाही बघवणार ते. चार वर्षांची असताना जिन्यावरून उडी मारली आणि हात मोडून घेतला तिनं. सहा आठवडे प्लॅस्टर. त्या दिवसापासून मी तिला जिन्यावर सोडलेली नाही. आता बोला, काय चुकलं?

बाई: हाड कधी जुळलं?

वडील: सहा आठवड्यांनी. सांगितलं ना.

बाई: मग आता कितवं वर्ष?

वडील: ...सातवं.

बाई: हाड सहा आठवड्यांत जुळलं आणि बाप सात वर्षं प्लॅस्टरमध्ये! अहो, पोरीनं उडी मारली होती. पडली म्हणून तुम्हाला आठवतंय. तिनं उडी मारली हे विसरलात.

वडील: तुम्हाला बोलायला सोपं आहे. आणि ही वही कसली उघडी ठेवलीय तुम्ही?

बाई: ती माझी आहे. ठेवा खाली.

वडील: 'सहावी ब. खेळाचे तास, आठवड्याला पाच.' सोमवार सही, मंगळवार सही, बुधवार... पाच? माझी मुलगी तर म्हणते, खेळाच्या तासाला गणिताच्या मॅडम येतात. वर्षभर! अख्ख्या वर्षात एकदाही खाली नेलं नाही म्हणते.

बाई: ठेवा म्हटलं ना.

वडील: नाही ठेवत. आतापर्यंत तुम्ही माझी सालटी काढलीत. आता मी विचारतो. ही सही कुणाची?

बाई: माझी.

वडील: चोराच्या उलट्या बोंबा! मी एका कागदावर खोटं लिहिलं, तुम्ही आठवड्याला पाचदा लिहिता. मी निदान एकाच पोरीचं लिहिलं. तुम्ही साडेतीनशेंचं!

बाई: बरोबर आहे.

वडील: काय?

बाई: बरोबर आहे म्हटलं. काय, पुन्हा ऐकायचंय? पहिल्या वर्षी तास काढून घेतले तेव्हा मी भांडले. दुसऱ्या वर्षी नुसती कुरकुर केली. तिसऱ्या वर्षी वही पुढे आली आणि सही केली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, म्हटलं कशाला वाईटपणा घ्या. तुमचा आळस रविवारचा, माझा रोजचा. म्हणून तर ही सहा पोरं हातात आली तेव्हा जीव लावला मी. खोट्या कागदानं आली, पण आली.

वडील: मग मला एवढं ऐकवलंत कशाला?

बाई: स्वतःला ऐकवायला कुणी मिळत नाही, म्हणून.

ठकी: बाई! ती निळी गाडी हलवायला सांगा ना कुणाला तरी, आरशाला कोपर लागतं सारखं... बाबा?

वडील: ठके, ये इकडे. किती घामाघूम झालीयस! बस आधी.

ठकी: लगेच बसायचं नसतं. आधी चालायचं. बाई, आज तीन झाल्या! पूर्ण! गाडीला वळसा धरला तर तीन आणि थोडी जास्त. बाबा, ती आपली गाडी आहे?

वडील: हलवतो. ठके, तू आम्हाला जादा गणित सांगितलंस?

ठकी: हो. ते खोटं माझं.

वडील: का?

ठकी: धावायला जाते म्हटलं असतं तर तू न्यायला आला असतास.

बाई: ठके, तुझ्या बाबांनी एक कागद आणलाय. तुझ्याबद्दल आहे. तूच वाच.

वडील: बाई, नको. तिच्या हातात नको तो.

बाई: का? तिचंच हृदय आहे ना?

ठकी: 'हृदय नाजूक असल्याने...' बाबा, हे काय आहे?

वडील: काही नाही गं.

ठकी: 'सर्व प्रकारचे श्रम...' दहावीपर्यंत? बाबा, मी आजारी आहे?

वडील: नाही.

ठकी: मग धडधडतं ते? तिसऱ्या फेरीत इथे खूप धडधडतं. बाई म्हणाल्या, धडधडायलाच पाहिजे. ते आजारी असल्यामुळे धडधडतं का?

वडील: नाही बाळा.

ठकी: आईला माहितीय?

वडील: अगं, तू ठणठणीत आहेस. काही झालेलं नाही तुला. मी... मी तो लिहून आणलाय. उद्या तुला धावायला लागू नये म्हणून. खोटा आहे तो.

ठकी: नक्की?

वडील: तुझी शपथ... नाही, शपथ नको. खरंच खोटा आहे.

ठकी: मला वाटलं, मी मरते की काय.

वडील: ठके, असं नाही बोलायचं!

ठकी: तूच लिहून आणलंस.

बाई: पाणी पी गं आधी. हळू. घोट घोट.

ठकी: बाबा, तो आधीचा कागदसुद्धा खोटाच होता. पण तो तू नाही लिहिलास. मी लिहिला.

बाई: तू?

ठकी: बाबा गाडी चालवत होता. तो म्हणाला, लिही एकशे वीस. मी म्हटलं, मी तर काहीच करत नाही. तो म्हणाला, लिही गं, कोण बघायला येतंय! मग मी लिहिलं. सिग्नलला त्यानं सही केली. ते अक्षर माझं आहे, बघा. 'धावणे'मधला ध माझाच असा गोल येतो.

बाई: हो की. मी बघितलंसुद्धा नाही.

ठकी: मग माझं नाव लागलं फळ्यावर. सगळे म्हणाले, ही रोज दोन तास धावते. मला इतकी लाज वाटली. म्हणून मी ठरवलं, खरंच धावायचं, म्हणजे ते खरं होईल. पहिल्या दिवशी मी एका फेरीत ओकले. सगळे हसले.

वडील: हसले?

ठकी: हसतात की. रोज हसतात. मी पण हसते. तो दोनशे चाळीसवाला तर माझ्याही मागे असतो.

वडील: आणि उद्या? उद्या शेवटची आलीस तर?

ठकी: तर नाही, शेवटचीच येणार. आम्ही सहाही जण शेवटचे येणार. बाईंनी सांगितलंय. पण थांबायचं नाही, चाललं तरी चालतं. बाबा, एकशे वीस व्हायला अजून खूप आहेत. आत्ता चाळीसच होतायत.

वडील: ...द्या तो दाखला इकडे.

बाई: फाडताय? फाडा. केर त्या डब्यात टाका, खाली नको. मला वाकायला लागतं.

वडील: आणि हा पहिला कागद?

बाई: तो राहू दे गठ्ठ्यात. सही केलीय, आता मिरवा. हा घ्या दुसरा, कोरा. उद्या जाण्याआधी नव्यानं भरून द्यायचा असं मी आत्ताच ठरवलंय. ठके, तू लिही. अक्षर तुझंच शोभतं यावर. पण थांब, आधी ही माझी वही घे. सहावी ब. या आठवड्यात तुमच्या वर्गाचे खेळाचे किती तास झाले?

ठकी: खरं सांगू?

बाई: मग काय, बाबांना विचारून सांगतेस?

ठकी: एकपण नाही.

बाई: त्या सह्यांवर काट मार आणि लिही. शून्य. मोठं काढ, मुख्याध्यापिका मॅडमचा चष्मा जुना आहे.

वडील: बाई, तुम्हाला त्रास होईल.

बाई: होऊ दे. सोमवारी वही घेऊन मीच जाणार आहे वर. जिन्यानं.

ठकी: झालं. आता माझा कागद. रोज, चाळीस मिनिटं. धावणे. फक्त धावणे. पोहायला मला येतच नाही. बाबा, सायकल कुठे आहे आपली?

वडील: माळ्यावर. हवा भरायला लागेल.

ठकी: मग ती नको लिहायला. बाई, या कागदाला मागे पण आहे. 'पालक रोज किती मिनिटं...' हे मागच्या वेळी आपण भरलंच नव्हतं.

बाई: कुणीच भरत नाही. साडेतीनशे कागद आले, मागचं पान सगळ्यांचं कोरं.

ठकी: बाईंचं शून्य लिहिलं. माझं चाळीस. बाबा, तुझं किती लिहू?

वडील: गाडी हलवून येतो मी.

ठकी: आधी सांग ना.

वडील: ...लिही. तेच. बाईंचं जे, तेच.

बाई: पेन्सिलीनं लिही गं. रविवारी सातला खोडायचंय.